नव्वद बोल्ट आणि बीड रोड

अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय 'विमान सुरक्षा निरीक्षक स्वतंत्र का हवा?' असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण या शहरात उभं राहून विमानांबद्दल बोलायचं आणि २६ एप्रिल १९९३ हा दिवस टाळायचा, हे मला जमणार नाही. सभागृहात पन्नाशी ओलांडलेले बरेच जण दिसताहेत. त्यांना ती दुपार सांगावी लागणार नाही. मागे उभी असलेली इंजिनिअरिंगची मुलं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आणि बाळांनो, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. या बसायला.

दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ इथल्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, चिकलठाणा विमानतळावर उतरलं आणि मुंबईसाठी निघालं. आत ११८ माणसं होती. एप्रिलमधली दुपार. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, त्यामुळे धावपट्टी जास्त खर्ची पडते. त्यात वैमानिकाने नाक उचललं तेही उशिरा. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रोड, आणि नेमक्या त्या वेळी रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक होता. विमानाची डाव्या बाजूची चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर त्या ट्रकला धडकला. पुढे तीनेक किलोमीटरवर विमान उच्चदाबाच्या तारांना लागलं आणि कोसळलं. ५५ माणसं गेली.

चौकशीत वैमानिकाची चूक नोंदवली गेली: नाक उशिरा उचललं, आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. त्याच निष्कर्षात आणखी एक गोष्ट आहे. उड्डाणांच्या वेळात बीड रोडवरची वाहतूक रोखण्याची जबाबदारी तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नाही, असंही त्यात म्हटलं आहे. लोकांच्या लक्षात वैमानिक राहिला. विमान सुरक्षा निरीक्षक म्हणून माझं नोकरीतलं सगळं आयुष्य मात्र त्या दुसऱ्या गोष्टीपायी गेलं.

विचार करा, त्या रस्त्याने ट्रक रोज जात होते. वरून विमानं रोज उडत होती. विमानतळावरच्या प्रत्येक माणसाला रस्ता दिसत होता. 'आजवर काही झालं नाही', एवढ्या एका आधारावर ती व्यवस्था उभी होती. निरीक्षकाचं काम म्हणजे सगळ्यांच्या नजरेला सवय झालेली गोष्ट नव्याने बघणं, आणि ती कागदावर आणून कोणाला तरी उत्तर द्यायला लावणं.

लोकांना वाटतं, निरीक्षक म्हणजे दंड करणारा साहेब. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता हातात टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरायचं असतं. टायरवरचे काप बघायचे. चाकाच्या वर हायड्रॉलिक तेलाचा ओघळ आहे का, बोट लावून बघायचं. पंखाच्या मागच्या कडेला वीतभर लांबीच्या बारीक कांड्या असतात, साठलेली स्थिर वीज हवेत सोडणाऱ्या. त्यातली एखादी तुटली आहे का, ते बघायचं. मग आत जाऊन सीटखाली हात घालून लाइफ जॅकेट चाचपायचं. आणि शेवटी टेक लॉग, म्हणजे विमानाची दोषवही. खरं विमान त्या वहीत भेटतं.

एकदा अशीच एक वही वाचत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. एकच दोष पुन्हा पुन्हा लिहिलेला, आणि प्रत्येक वेळी खाली तेच उत्तर: 'रीसेट केलं, तपासलं, समाधानकारक.' याला आम्ही रिपीट स्नॅग म्हणतो. वेगवेगळ्या शिफ्टच्या वेगवेगळ्या इंजिनिअरांनी आपापल्या रात्रीपुरतं ते विमान सोडलं होतं. सही करणारा प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर, पण पानं ओळीने वाचायची कोणाचीच जबाबदारी नव्हती. मी विमान थांबवलं. स्टेशन मॅनेजर धावत आले. "साहेब, पॅसेंजर बोर्ड झालेत हो!" आतले दीडशे लोक मला शिव्या घालत असणार, हे मला कळत होतं. पॅनेल उघडल्यावर वायरींच्या जुडग्यात एक वायर घासून उघडी पडलेली निघाली.

आता माझी आवडती गोष्ट. माझे जुने सहकारी इथे बसलेत, त्यांनी ती ऐकली आहे. आज त्यांनी पुन्हा ऐकावी.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. आत ८७ माणसं. सतरा हजार फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच उडून गेली. आतला दाब एकदम बाहेर पडला आणि त्याबरोबर कॅप्टन कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढला गेला. केबिनमधल्या एका कर्मचाऱ्याने धावत येऊन त्याचे पाय धरले, मग दुसऱ्यांनी धरले. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. काही महिन्यांत ते पुन्हा विमान चालवू लागले.

ती काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. काचेला नव्वद बोल्ट. त्यातले चौऱ्याऐंशी बोल्ट हवे त्यापेक्षा बारीक होते. फरक किती, तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला कमी. आटे जुळत होते, त्यामुळे बारीक बोल्ट आत जात होते, फक्त धरत नव्हते. बसवणारा माणूस शिकाऊ नव्हता, रात्रपाळीचा मुख्य होता. अनुभवी, मेहनती. माणसं कमी म्हणून स्वतः हाताने काम करत होता. त्याने जुना बोल्ट काढला आणि तसाच नवा शोधला. आता गंमत बघा: काढलेले जुने बोल्टच चुकीच्या मापाचे होते, आखूड. तरी काच इतकी वर्षं टिकली होती! स्टोअरमधल्या माणसाने त्याला सांगितलंही, की या काचेला दुसऱ्या नंबरचे बोल्ट लागतात. पण हातातला जुना बोल्ट त्याला नंबरापेक्षा खरा वाटला. पुरेसे मिळेनात, म्हणून तो दुसऱ्या स्टोअरला गेला आणि अपुऱ्या उजेडात जुन्याशी ताडून, नजरेने माप जुळवून बोल्ट उचलले.

त्याने नंबर बघितला नाही, हा त्याचा दोष. पण काच बाहेरून बसवलेली, आतल्या दाबाचा सगळा भार बोल्टांवर, आणि तरीही दुसऱ्या माणसाने काम तपासून सही करावी असा नियम त्या काचेसाठी नव्हता. वर्षानुवर्षं हे कोणाला खटकलं नाही. बीड रोडच आहे हा! तरुण निरीक्षकांना शिकवताना मी आधी स्टोअरमधल्या त्या माणसाबद्दल बोलतो. बरोबर उत्तर त्याच्याकडे होतं. ते पुढे जायला वाट नव्हती.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. मूळ विषय आता भराभर मांडतो.

असं बघायला माणसं हवीत, आणि ती पुरेशी हवीत. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताची विमान सुरक्षेची श्रेणी खाली आणली. मोठं कारण होतं उड्डाण निरीक्षकांची कमतरता. एप्रिल २०१५ पर्यंत आपल्या कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणं वाढवता आली नाहीत. मग घाईने भरती झाली, श्रेणी परत मिळाली. आणि २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने पुन्हा तेच नोंदवलं, की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातल्या, म्हणजे विमान सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यातल्या, जवळजवळ निम्म्या जागा रिकाम्या आहेत. विमानांच्या ऑर्डरी शेकड्यांनी जाताहेत आणि वही वाचणारा माणूस नाही. मला याचा संताप येतो.

दुसरं, उड्डाण निरीक्षक बहुतेक कंपन्यांतूनच येतात, करारावर, कारण सरकारी वेतनश्रेणीत अनुभवी वैमानिक येत नाही. करार संपला की त्याच कंपन्यांत परत जायचं असतं. माणूस कितीही सचोटीचा असो, उद्याच्या मालकाचं विमान आज थांबवायला त्याला किती बळ लागेल? डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर देशभर उड्डाणं कोलमडली. आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास होणार, हे कितीतरी आधी ठरलेलं होतं. तयारी झाली आहे का, हे वेळेत कोणी तपासलं नाही. गोंधळानंतर चार उड्डाण निरीक्षकांना घरी पाठवलं. ते दोषी असतीलही. पण महासंचालनालयाला निरीक्षकांचा स्वतःचा कायमस्वरूपी वर्ग हवा, बाजारभावाने पगार मिळणारा, आणि निवृत्तीनंतर काही वर्षं कंपन्यांचा दरवाजा बंद असलेला. महासंचालनालयाला २०२० च्या दुरुस्तीने कायद्यात स्थान मिळालं, पण भरती आणि पगार अजून सरकारच्या हातात आहेत. ते सुटले पाहिजेत.

तिसरं, हँगरमधल्या शेवटच्या मेकॅनिकला 'माझ्याकडून चुकलं' किंवा 'साहेब, नंबर चुकतोय' म्हणता आलं पाहिजे, नोकरीची भीती न बाळगता. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला शिक्षा कराच. पण चूक स्वतःहून सांगणाऱ्याला सस्पेंड केलंत, तर पुढची चूक तुम्हाला अपघाताच्या अहवालातच वाचायला मिळेल.

आणि शेवटचं. निरीक्षणात काय सापडलं, ते कंपनीच्या नावासकट दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध व्हावं, मराठीतसुद्धा. तिकीट तुम्ही काढता, तुम्हाला ते वाचायचा हक्क आहे. तशी मागणी आपल्या खासदारांकडे करणारा अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. पटला तर सही करून जा. आता प्रश्न घेतो.