शेळीचं बीजांड बशीत पिकवताना

मित्रहो, शेळीच्या बीजांडांचं प्रयोगशाळेत फलन झालं नाही की पहिला संशय बोकडाच्या वीर्यावर जातो. पण खोट पुष्कळदा आदल्या दिवशीच शिरलेली असते, बीजांड पिकवताना, म्हणजे कच्चं बीजांड बशीत फलनाजोगं तयार करताना.

कत्तलखान्यातून बीजांडकोश 0.9 टक्के सलाइनमध्ये, अँटिबायोटिक घालून, 30 ते 35 अंशांच्या थर्मासमधून आणा आणि चार तासांच्या आत हाताळा. बर्फावर ठेवू नका. शेळीचा बीजांडकोश लहान. सुईने ओढण्यापेक्षा ब्लेडने चिरा दिल्या तर बीजांडं जास्त मिळतात, मात्र गाळही जास्त येतो. भोवती क्युम्युलस पेशींचे, म्हणजे बीजांडाला पोसणाऱ्या पेशींचे, तीन तरी घट्ट थर असलेलीच निवडा. संख्या वाढवायला उघडी बीजांडं घेण्याचा मोह आवरा.

पिकवण्यासाठी टीसीएम-199 हे पोषक द्रावण (मीडियम), त्यात 10 टक्के सीरम आणि एफएसएच, एलएच, एस्ट्राडायोल ही संप्रेरकं. तेलाखाली 50 मायक्रोलीटरचा थेंब, थेंबात दहा-पंधरा बीजांडं, 38.5 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, 24 ते 27 तास. थेंब निदान दोन तास आधी इनक्युबेटरमध्ये ठेवलेले हवेत. बशी बाहेर रेंगाळली की मीडियम गुलाबी-जांभळं होतं. म्हणजे सामू चढला.

चोवीस तासांनी क्युम्युलस पिंजलेल्या कापसासारखा सुटतो, पोलर बॉडी (बीजांडाने बाहेर टाकलेली इवलीशी पेशी) दिसते आणि आपण खूश होतो. पण एवढ्याने केंद्रक तयार झालं इतकंच कळतं. आतल्या पेशीद्रवात ग्लुटाथायोन हे ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य पुरेसं साठलं का, हे डोळ्यांना दिसत नाही. आत शिरलेल्या शुक्रजंतूच्या डोक्यातले डायसल्फाइड बंध तेच सोडवतं. ते कमी पडलं तर डोकं आत जाऊनही फुगत नाही, नर-प्रोन्यूक्लियस (शुक्रजंतूपासून होणारं केंद्रक) बनत नाही. म्हणून मीडियममध्ये 100 मायक्रोमोलर सिस्टियामिन घाला. हायड्रोक्लोराइड असेल तर मिलीलीटरला सुमारे 11 मायक्रोग्रॅम. सिस्टियामिन मीडियममधल्या सिस्टिनचं (cystine) सिस्टीईन (cysteine) करतं, आणि ग्लुटाथायोन या सिस्टीईनपासूनच बनतं. या कामात क्युम्युलस पेशींचा मोठा हात असतो, म्हणून निवडीचा एवढा आग्रह. भुकटी ओल धरते, द्रावण हवेत बिघडतं; दर वेळी ताजं करा.

वीर्य स्विम-अपने (पोहून वर येणारे शुक्रजंतू वेचून) किंवा पर्कोलवर (दाट द्रावणाच्या थरांतून वेगळे करून) धुऊन, शुक्रजंतूंना फलनक्षम करणाऱ्या हेपॅरिनमध्ये तयार करतात. हेपॅरिनची मात्रा प्रत्येक बोकडासाठी वेगळी, आधी चाचणी घ्या. मिलीलीटरला 10 ते 20 लाख शुक्रजंतू, 18 तास. संख्या याहून वाढवत नेली की एका बीजांडात दोन-तीन शिरतात. बीजांड जास्त पिकलं तरी हेच घडतं, त्यामुळे 27 तासांपुढे वाट पाहू नका.

निकाल विभाजनावरून लावू नका. शुक्रजंतूंशिवायही काही बीजांडं विभागतात. दर खेपेला शुक्रजंतू न घातलेला एक थेंब ठेवा. आणि 18 तासांनी काही बीजांडं रंगवून बघा: दोन प्रोन्यूक्लियस म्हणजे फलन झालं, तीन म्हणजे बहुधा शुक्रजंतू जास्त, आणि एकाशेजारी न फुगलेलं डोकं दिसलं तर वीर्याला हात लावण्याआधी सिस्टियामिनची बाटली बदला.