दुप्पट धरा आणि वजा करा

[दृश्य: लातूरचा मोंढा. काट्यावर चढणारे कट्टे, आडतीसमोर थांबलेले ट्रॅक्टर.]

संक्रांतीच्या सुमाराला लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नवी तूर येऊ लागते. सोयाबीन खरं तर दिवाळीच्या आगेमागेच निघालेलं असतं. पण भाव चढेल म्हणून ज्यांनी ते घरात ठेवलं, ते तुरीच्या कट्ट्यांसोबत तेही घेऊन येतात. मग एकाच पट्टीवर, म्हणजे आडत्यानं दिलेल्या हिशेबाच्या पावतीवर, दोन्ही माल लागतात.

अशा दोन पट्ट्या घेऊ. आकडे समजायला सोपे धरलेत, हमाली-तोलाई सोडून दिलीय. पहिल्या शेतकऱ्याचं ३ क्विंटल सोयाबीन आणि २ क्विंटल तूर, मिळाले २६,६०० रुपये. दुसऱ्याचं ५ क्विंटल सोयाबीन आणि ४ क्विंटल तूर, मिळाले ४९,००० रुपये. दोघांनाही एकच भाव लागला असं समजू. खऱ्या मोंढ्यात ओलावा आणि डागी दाणे बघून भाव खालीवर होतो, ते आज विसरू. दोन्ही पट्ट्यांवरचा भावाचा रकाना भिजून पुसलाय. तर सोयाबीन काय भावानं गेलं, आणि तूर काय भावानं?

एकटी पहिली पट्टी काही सांगत नाही. क्विंटलला सोयाबीन ३,००० आणि तूर ८,८०० धरा, बेरीज २६,६००. सोयाबीन ५,००० आणि तूर ५,८०० धरा, तरी २६,६००च. अशा जोड्या हव्या तेवढ्या निघतील.

[दृश्य: दहावीचं बीजगणिताचं पुस्तक, पहिलं प्रकरण.]

दहावीचं पुस्तक याला दोन चलांतील रेषीय समीकरणं म्हणतं. चल म्हणजे शोधायची संख्या, इथं एकेक भाव, आणि सहगुणक म्हणजे तिला गुणणारा आकडा, इथं क्विंटल. पद्धत अशी, की एका चलाचे सहगुणक समान करायचे आणि वजाबाकी करून त्या चलाचा लोप करायचा. पोरं हे भराभर करतात. पण अख्ख्या समीकरणाला दोननं गुणायची परवानगी दिली कुणी, असं विचारलं की वर्गात शांतता. उत्तर मोंढ्यातच आहे. पहिल्या शेतकऱ्यानं सगळा माल दुप्पट आणला असता तर? ६ क्विंटल सोयाबीन, ४ क्विंटल तूर. भाव तोच, म्हणजे पैसेही दुप्पट, ५३,२००. गुणाकार म्हणजे ही कल्पनेतली दुप्पट पट्टी, दुसरं काही नाही.

आता ती दुसऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीशेजारी ठेवा. तूर दोन्हीकडं ४ क्विंटल. पैशात जो फरक पडला त्याच्याशी तुरीचा संबंधच उरला नाही. फरक ४,२०० रुपयांचा, आणि मालात फरक फक्त १ क्विंटल सोयाबीनचा. म्हणजे सोयाबीन ४,२००. पहिल्या पट्टीत ३ क्विंटलचे १२,६०० गेले, उरले १४,००० ते २ क्विंटल तुरीचे. तूर ७,०००.

इथं धडा संपतो, गंमत मात्र पुढं आहे. दुसरी पट्टी ६ क्विंटल सोयाबीन, ४ क्विंटल तूर आणि ५३,२०० रुपये अशीच असती तर? वजाबाकीत हाती येतं शून्य बरोबर शून्य. दुसऱ्या पट्टीनं नवं काही सांगितलंच नाही. तेवढ्याच मालाचे ५३,००० लिहिलेले असते, तर शून्य बरोबर २०० आलं असतं. मग गणित बाजूला ठेवून काटा किंवा मुनीम तपासायचा.

याहून फसवी गोष्ट म्हणजे जवळजवळ सारख्या पट्ट्या. दुसऱ्याकडं ६ क्विंटल सोयाबीन आणि ४ क्विंटल १० किलो तूर होती असं धरा. त्याचे व्हायला हवेत ५३,९००. लिहिताना १०० रुपये चुकले, ५४,००० पडले. वजाबाकी केली की १० किलो तुरीचे ७००ऐवजी ८०० येतात. तूर ७,०००ची ८,००० होते, आणि सोयाबीन ४,२००वरून सुमारे ३,५३३वर घसरतं. रीत बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर, आणि उत्तर तरी निकामी. परीक्षेत हे कधी येत नाही, कारण तिथं आकडे नेहमी गोंडस असतात.

[दृश्य: पाटावर मांडलेल्या गणनकाड्या.]

धान्याच्या हिशेबातूनच ही रीत लिखित स्वरूपात आली. चीनमधल्या ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या प्राचीन ग्रंथाचा आठवा अध्याय याच विषयाचा आहे. इ. स. २६३मध्ये ल्यू ह्वी या गणितज्ञानं त्यावर भाष्य लिहिलं. त्या अध्यायातलं पहिलंच उदाहरण उत्तम, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या धान्याच्या पेंढ्यांचं. ३, २ आणि १ पेंढी मिळून ३९ मापं धान्य. २, ३ आणि १ मिळून ३४. १, २ आणि ३ मिळून २६. एकेका पेंढीत किती? काड्यांचे रकाने मांडायचे, एका रकान्याला गुणायचं, दुसरा त्यातून पुन्हा पुन्हा काढायचा. आधी उत्तम प्रत जाते, मग मध्यम. शेवटी राहतं ते हलक्या प्रतीच्या ३६ पेंढ्या बरोबर ९९ मापं. म्हणजे एका पेंढीत पावणेतीन. तिथून उलटं वर चढलं की मध्यम सव्वाचार, उत्तम सव्वानऊ.

आपल्याकडं बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात संख्यांना रंगांची नावं आहेत. पहिली तेवढी ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढं तेवढं’, आणि पुढं रंग, कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसती आद्याक्षरं, या, का, नी, पी, लो. प्रत्येक समीकरणातून पहिल्या अज्ञाताची किंमत काढायची आणि त्या किमती एकमेकींसमोर ठेवायच्या, की पहिलं अज्ञात गळून पडतं.

एवढं असून जगभर या रीतीला नाव चिकटलं ते जर्मन गणितज्ञ गाउसचं. पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेचं गणित करताना त्यानं लोप करण्याचं काम शिस्तीत बसवलं, पण तोवर रीत दीड हजारांहून जास्त वर्षं जुनी झाली होती.

दहावीत याच प्रकरणात क्रेमरची निश्चयकांची रीतही शिकवतात. निश्चयक म्हणजे चौकोनात मांडलेल्या सहगुणकांच्या गुणाकार-वजाबाकीतून निघणारी एक संख्या. दोन चलांना ती सुटसुटीत आहे, पाठही पटकन होते. पण वीस चलं घ्या. लोप करत गेलात तर साधारण तीन हजार गुणाकारांत काम होतं. निश्चयक सरळ उलगडायला बसलात, तर एकाच निश्चयकात सुमारे २४वर १७ शून्यं एवढी पदं निघतात. म्हणून संगणकही असलं काम आलं की एक ओळ गुणतो, दुसरीतून वजा करतो, आणि पुढच्या ओळीकडं वळतो.