तिसऱ्या मजल्यावरचा अनोळखी माणूस

खुनाचा खटला चालू आहे आणि ज्युरीतल्या एकाला डुलकी लागलीय. आरोपीच्या पिंजऱ्यात टॅक्सी ड्रायव्हर ब्रिग्ज. अंगाने किरकोळ, डोळे भेदरलेले. शिक्षा ठरते आणि तो जिवाच्या आकांताने ओरडतो, ‘मी काही केलेलं नाही!’

‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर’ या चित्रपटातला हा नट एलिशा कुक ज्युनिअर. वाट्याला आलेले प्रसंग मोजकेच, पण ती किंकाळी कानातून जात नाही. ज्याच्या साक्षीवर ब्रिग्ज अडकला, त्या पत्रकार वॉर्डलाही ती झोपू देत नाही.

सन 1940. हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओचा हा चित्रपट. दिग्दर्शक बोरिस इंग्स्टर. लांबी जेमतेम 64 मिनिटं, पैसाही बेताचा. ‘फिल्म न्वार’ (गुन्हा आणि गडद सावल्यांचे चित्रपट) हे नाव फ्रेंच समीक्षकांनी रुळवलं ते 1946 नंतर, पण पहिल्या न्वारचा मान बरेच जण या छोट्याशा चित्रपटाला देतात. त्याचं मोठं श्रेय कॅमेरामन निकोलस मुसुराका यांचं. वॉर्डला स्वप्न पडतं, त्यात खुनाचा आळ त्याच्यावरच येतो. भिंतींवर तिरक्या सावल्यांचे गज उभे राहतात. तुरुंग म्हणून दाखवायला सावलीच पुरते.

वॉर्ड झालेला जॉन मॅकग्वायर, खरं सांगायचं तर, जरा लाकडीच वाटतो. नायिका मार्गारेट टॅलिशेट मात्र शेवटाकडे सगळा चित्रपट स्वतःच्या हातात घेते.

आणि पीटर लॉरे? श्रेयनामावलीत पहिलं नाव त्याचं, पडद्यावर मात्र तो मोजकी मिनिटंच. 1931च्या ‘एम’ या जर्मन चित्रपटातला बालहत्यारा म्हणून जगाला ठाऊक झालेला, 1933मध्ये नाझींमुळे जर्मनी सोडून निघालेला हा नट इथे कितीतरी वेळ एक शब्द बोलत नाही. नुसता जिन्यात दिसतो. गळ्यात पांढरा मफलर. बटबटीत डोळे. दिसला की नाहीसा.

तो पहिल्यांदा नीट भेटतो तो एका खानावळीत. हॅम्बर्गर मागतो, पण कच्चाच. भाजू नका म्हणतो. बाहेर येऊन तो खिमा एका भटक्या कुत्र्याला मायेनं भरवतो. खुनाच्या संशयावरून ज्याच्या शोधात नायिका दारोदार फिरली, तो हाच. मफलर तिला दिसलाय. पण आवाज इतका मऊ, की आपल्यालाच त्याची कणव येते.

आणि ती त्याच्यासोबत अंधाऱ्या रस्त्यानं चालू लागते.