मॉनिटर बंद करून बघा: कोल्हापुरातल्या एका लायब्ररीची वेबसाइट

स्क्रीन काळी झालीये, पण व्हिडिओ बंद पडलेला नाहीये, आम्हीच मुद्दाम काळी केलीये. थोडा वेळ फक्त ऐका.

"ग्राफिक, बॅनर अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर दोन. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा."

हा एनव्हीडीएचा आवाज. एनव्हीडीए म्हणजे स्क्रीन रीडर, स्क्रीनवर जे काय आहे ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि तो वाचतोय कोल्हापुरातल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीची वेबसाइट, दुरुस्ती व्हायच्या आधीची. ऐकणारी मुलगी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गडहिंग्लजकडची, तिला जन्मापासून दिसत नाही. नाव घेऊ नका म्हणालीये, म्हणून घेत नाही. तिचं काम एवढंसंच होतं, घरी नेलेल्या पुस्तकाची मुदत वाढवायची होती.

टॅब दाबत दाबत ती अख्खा मेनू ओलांडून लॉगिनपर्यंत पोचली, तिथं दोन रिकामे चौकोन, रीडर नुसतं "एडिट, एडिट" म्हणतोय, आता कशात नंबर टाकायचा आणि कशात पासवर्ड ते अंदाजानं, आणि तो अंदाज बरोबर आला तरी पुढं कॅप्चा, चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा म्हणून. ऐकून ओळखायची सोयच नव्हती. ती आम्हाला म्हणाली, "मग मी रूमपार्टनरला हाक मारतो. ती करून देत्या, नाही म्हणत नाही कधी. पण तिचीपण परीक्षा असत्या की. आणि माझा पासवर्ड मी तिला का सांगायचा?"

हा शेवटचा प्रश्न आमच्या डोक्यातनं गेला नाही, फिल्म करायची ठरली ती त्याच्यामुळं.

कोल्हापुरात खेड्यापाड्यातनं शिकायला येणं काही नवीन नाही. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली, इथं मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघालं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली, लांबनं आलेल्या पोराला राहायला जागा नसली तर नुसती शाळा असून उपयोग नाही हे तेव्हाच ओळखलेलं. आज त्याच गावात एक मुलगी गेट ओलांडून, जिने चढून, क्लासमध्ये पोचते, आणि अडते कुठं, तर वेबसाइटवर.

एनव्हीडीएबद्दल दोन वाक्यं सांगितलीच पाहिजेत. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करननं हे काम सुरू केलं, नंतर जेम्स तेह सोबत आला, दोघंही अंध, आणि दोघांचं म्हणणं असं की डोळस माणूस कॉम्प्युटर विकत घेतो तेव्हा स्क्रीन बघायचे वेगळे पैसे देत नाही, मग अंध माणसानं का द्यायचे? म्हणून हे फुकट आहे. म्हणूनच गडहिंग्लजच्या एका घरातल्या सेकंडहँड लॅपटॉपवर ते आहे.

आता लायब्ररीत येऊ. कॉम्प्युटर सेक्शनचे सर भले माणूस, त्यांनी तक्रार ऐकली आणि म्हणाले अगं साइट तर व्यवस्थित चाललीये, माझ्याकडं सगळं दिसतंय. ती म्हणाली सर, मॉनिटर बंद करा आणि माऊस बाजूला ठेवा, मग बघू. त्यांनी खरंच केलं, हेडफोन लावला आणि स्वतःच्याच साइटवर पुस्तक शोधायला बसले. बराच वेळ बसले. उठले तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि वही काढली.

पहिली गोष्ट निघाली ती हेडिंगची. आपण पान उघडलं की नजर आपोआप मोठ्या अक्षरांवर जाते, तसं स्क्रीन रीडरवाला एच दाबत हेडिंगवरनं हेडिंगवर उड्या मारतो. पण ह्या साइटवर हेडिंग म्हणजे नुसती जाड आणि मोठी केलेली अक्षरं होती, आत कोडमध्ये हेडिंग म्हणून कुठंच लिहिलेलं नाही, त्यामुळं एच दाबला की उत्तर काय, तर हेडिंग नाही. सगळं पान एक सलग भिंत. ते बदलायला एक दुपार लागली, खरंच एक दुपार, आणि तेवढ्यावर तिचा निम्मा त्रास गेला. चौकोनांना नावं दिली. पानाच्या सुरुवातीला "मुख्य मजकुराकडे जा" अशी लिंक टाकली, म्हणजे प्रत्येक पानावर तोच मेनू परत परत ऐकायला नको. कॅप्चा काढून मोबाईलवर ओटीपी ठेवला. कॅटलॉग कोहावर होता ते एक बरं झालं, कोहा म्हणजे न्यूझीलंडच्या एका सार्वजनिक लायब्ररीनं २००० साली सुरू केलेलं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ओपन सोर्स असल्यामुळं सरांना कुणाची परवानगी न मागता आत हात घालता आला.

पण खरा गुंता मराठीचा होता, आणि हे जरा सावकाश सांगतो कारण ह्यावर कुणी फारसं बोलत नाही.

साइटवरच्या जुन्या मराठी नोटिसा, ग्रंथयाद्या, नियमावली, सगळं डोळ्याला स्वच्छ मराठी दिसतं. रीडर लावला की भलतंच ऐकू येतं. कारण ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलंय. युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत, सगळ्या कॉम्प्युटरवर एकच. ह्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरीचा काढलेला असतो. कृतिदेव नावाच्या अशाच एका फॉन्टमध्ये "महारा" एवढं टाईप करा, कॉम्प्युटरच्या पोटात जातं ई, जी, के, जे, के. आपल्याला महारा दिसतं, रीडरला ईजीकेजेके. सर्चमध्ये महाराष्ट्र टाकलं तरी ते पान सापडत नाही, म्हणजे हा त्रास डोळस माणसालासुद्धा होता, फक्त त्याला वाटायचं की लायब्ररीत ते नाहीच. डीटीपीवाल्यांच्या पिढीनं ह्याच फॉन्टवर लग्नपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत सगळं केलंय, त्यांचा दोष नाही, तेव्हा दुसरं होतंच काय. पण आता ते कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणून, मग माणसानं ओळ अन् ओळ तपासून परत टाकावं लागतंय, आणि ते चाललंय.

त्याच्या जोडीला आणखी एक बारकी गोष्ट. पानाच्या कोडमध्ये भाषा सांगायची असते. मराठी पानावर भाषा इंग्रजी लिहिलेली होती, म्हणून रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजानं वाचायला जायचा आणि अडखळायचा. एक शब्द बदलला, आवाज मराठीत बोलायला लागला.

बाकीचं भराभर सांगतो. राखाडी अक्षरं काळी केली, कारण पांढऱ्यावर तो नेहमीचा फिकट राखाडी रंग घेतला तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग ह्यांच्यातला उजेडाचा फरक, २.८५ ला १ येतो आणि डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाठीचे जे जागतिक नियम आहेत त्यात साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो. पुस्तक आहे की नाही हे नुसत्या हिरव्या-लाल ठिपक्यानं दाखवत होते, तिथं "उपलब्ध" असा शब्द लिहिला. हात थरथरतो म्हणून माऊस न वापरणाऱ्या एका विद्यार्थ्याला टॅब दाबल्यावर आपण कुठं आहोत ते दिसतच नव्हतं, तिथं ठळक चौकट आली. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी लायब्ररीच्या माहितीच्या व्हिडिओला मराठी कॅप्शन दिल्या, हातानं तपासून.

आणि हे कुणाच्या मेहेरबानीचं काम नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जागा राखीव ठेवायची आणि पुस्तक मात्र वाचता येणार नाही, ह्याला प्रवेश कसं म्हणायचं?

राहिले जुने प्रबंध. ते स्कॅन केलेत, म्हणजे पीडीएफ असली तरी आत प्रत्येक पानाचा नुसता फोटो, रीडरसाठी कोरं पान. ते ओसीआर करावे लागतात, फोटोतली अक्षरं ओळखून त्याचा मजकूर करायचा. कॉपीराइटचं काय, असं एका मॅडमनी विचारलं, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत करायला आपल्या कायद्यात मोकळीक आहे, आणि त्याच कामासाठीचा माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारतच, २०१४ साली. टाईपरायटरची झिजलेली अक्षरं, कुणीतरी पेन्सिलनं केलेल्या खुणा, जोडाक्षरं, मशीन चुकतंच. म्हणून आता काही विद्यार्थी संध्याकाळी लायब्ररीत बसून पानं तपासतात, आणि अजून कपाटंच्या कपाटं शिल्लक आहेत.

आमच्या शूटिंगच्या शेवटच्या दिवशी ती केएमटीच्या बसमध्ये होती, कानात इअरफोन, मोबाईलवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, चालू. सायबर चौक यायच्या आत तिनं पुस्तकाची मुदत वाढवली, स्वतः. मग तिला हवा होता तो प्रबंध उघडला आणि ऐकत बसली. थोड्या वेळानं थांबली, मागं गेली, तेच वाक्य परत ऐकलं आणि लायब्ररीला मेल लिहायला घेतला.

"सर, पान ४१ वर कागद तालुका असं आलंय. ते कागल असणार. बघता का?"

सरांनी मूळ प्रत काढली, कागलच होतं, दुपारपर्यंत दुरुस्त झालं.