रात्री पावणेदहाचं ताट

[दृश्य : डोंबिवली पूर्व, रात्र. इमारतीच्या खिडक्यांत एकेक दिवा. कुकरची शिट्टी.]

रात्रीचे पावणेदहा. आमच्या इमारतीत ही कुकर लागायची वेळ. फोर्टातलं ऑफिस आठला सोडलेला माणूस आत्ता कुठे जिना चढतोय. तो हातपाय धुवेपर्यंत भात होईल, आमटीला फोडणी बसेल, मग ताटं. पहिला घास दहा-सव्वादहाला. अकराला अंथरूण.

ताटात काय असावं यावर आपण पिढ्यानपिढ्या भांडत आलोय. तूप किती, भात की पोळी, वांगं वातूळ की नाही. पण ताट घड्याळात कुठे बसतं, हा प्रश्न मराठी घरांत इतक्या जोरात शिरला तो 2018 च्या आसपास. शिरला व्हॉट्सअ‍ॅपवरून.

[दृश्य : फोनचा पडदा. फॅमिली ग्रुप. एकाखाली एक फॉरवर्ड.]

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्याख्यानांना तेव्हा गावोगावी सभागृहं भरत होती. माणूस सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक. सांगणं थोडकं : कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. गोड टाळा आणि रोज 45 मिनिटं चाला. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. हे तेच जिचकार, ज्यांच्या पदव्या मोजताना आपली बोटं संपायची. 2004 साली अपघातात ते गेले. दीक्षितांनी तो धागा उचलला.

दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा, उपाशी राहू नका. झालं! 'दोनदा की दर दोन तासांनी' यावरून लग्नाच्या पंगतीत वाद रंगले, भावकीत गट पडले.

आमचे बाबा दीक्षितांच्या गटात. त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर आत्याने बशी पुढे केली.

"दादा, एक करंजी तरी घे."

"आत्ता अकरा वाजलेत गं. दीडला घेऊन ये, पंचावन्न मिनिटं तुझीच."

आत्या आजही ती गोष्ट सांगते, आणि सांगताना हसत नाही.

पाच महिन्यांत बाबांचे सात किलो गेले. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडावं लागलं. त्यांचं ठाम मत : हा सगळा इन्शुलिनचा खेळ. मला मात्र वेगळीच शंका होती.

[दृश्य : स्वयंपाकघरातला ओटा. डिजिटल काटा, त्यावर कप.]

बाबांचा जुना दिवस मी ओट्यावर मांडला. एक कप चहा : दोन चमचे साखर, म्हणजे 10 ग्रॅम, म्हणजे 40 कॅलरी. साधारण 60 मिलिलिटर म्हशीचं दूध, त्याच्या 50. सोबत दोन ग्लुकोज बिस्किटं, अजून 50. असा चहा दिवसातून चार वेळा. संध्याकाळी टीव्हीसमोर मूठभर फरसाण, त्याचे दीडशे. बेरीज सातशेच्या वर. ही बेरीज बाबांच्या लेखी 'खाणं' नव्हतीच. डॉक्टरांनी विचारलं असतं तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं असतं, "मी दोनदाच जेवतो हो."

दोनदाच जेवायचं ठरल्यावर हे सातशे आपोआप गळाले. कॅलरी न मोजता, डायटचा तक्ता फ्रिजवर न चिकटवता. दीक्षितांच्या नियमाची खरी ताकद इथे आहे असं मला वाटतं. कुंपण घातलं की गुरं आपोआप कमी चरतात.

इन्शुलिनचं बाबांचं म्हणणं अर्थात खोटं नाही. खाल्लं की इन्शुलिन चढतं, आणि ते चढलेलं असेपर्यंत चरबीच्या पेशी कोठाराला कुलूप लावून बसतात. दोन जेवणांत अंतर पडलं, इन्शुलिन उतरलं, की कुलूप निघतं. पण कोठार उघडलं म्हणून माल कमी होत नाही, त्याला गिऱ्हाईक लागतं. दिवसाला लागेल तेवढं सगळं त्या दोन जेवणांतच भरून घेतलं, तर रात्री काढलेलं दुपारी परत जमा.

हे तपासून झालंय. 2020 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी 116 लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्याच वेळात खायचं, दुसऱ्याने रोजची तीन जेवणं घ्यायची. किती खायचं याचं बंधन कुणालाच नाही. 12 आठवड्यांनंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी एका किलोपेक्षा थोडं कमी उतरलं, दुसऱ्याचं पाऊणएक किलोपेक्षा थोडं कमी. म्हणजे फरक नाहीच. या अभ्यासाचे प्रमुख हृदयरोगतज्ज्ञ स्वतः कित्येक वर्षं असंच खात होते. आकडे बघितले आणि त्यांनी ते सोडून दिलं. असा माणूस मला आवडतो.

मग 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास आला. 139 लठ्ठ माणसं, दोन्ही गटांना सारख्याच कमी केलेल्या कॅलरी, पण एका गटाने सकाळी 8 ते दुपारी 4 मध्येच खायचं. वर्षभराने वेळ पाळणाऱ्यांचे 8 किलो उतरले, नुसत्या कॅलरी पाळणाऱ्यांचे 6.3. संख्याशास्त्राच्या तराजूत हा फरक टिकला नाही. घड्याळापेक्षा ताट जड.

[दृश्य : दोन ताटं शेजारी शेजारी. मग सहा लहान वाट्या.]

भावकीतलं भांडण मिटवू शकेल असा प्रयोग झाला तो प्रागमध्ये. 2014 साली प्रसिद्ध झाला. टाइप 2 मधुमेहाचे 54 रुग्ण. 12 आठवडे दिवसाला सहा छोटी जेवणं, 12 आठवडे दोन मोठी. कॅलरी दोन्हीकडे तेवढ्याच. सहा वेळा खाऊन 2.3 किलो उतरले, दोन वेळा खाऊन 3.7. यकृतातली चरबीही दोन जेवणांच्या काळात जास्त कमी झाली.

बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी पुढची ओळ वाचली. प्रागमधली ती दोन जेवणं होती सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्री काही नाही. आपल्याकडे 'दोनदा' म्हणजे दुपारी एक आणि रात्री नऊ.

मिशीवरचा हात खाली आला.

[दृश्य : खिडकीतून मावळता सूर्य. रस्त्यावर दिवे लागतात.]

इथून घड्याळ परत गोष्टीत येतं. 2018 सालचा अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचा प्रयोग. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आठ पुरुष. पाच आठवडे त्यांचं सगळं खाणं सहा तासांत, आणि शेवटचं जेवण दुपारी 3 च्या आत. वजन कमी होऊ नये म्हणून त्यांना मुद्दाम पोटभर खायला घातलं. वजन जागचं हललं नाही, तरी इन्शुलिन नीट काम करायला लागलं आणि रक्तदाब उतरला. माणसं आठच, हे खरं. पण वजनाची पळवाट बंद करून केलेला प्रयोग आहे, म्हणून तो माझ्या डोक्यात बसलाय. बॉस्टनमध्ये 2022 साली उलट बाजूने बघितलं गेलं : 16 जणांना तेच जेवण सुमारे चार तास उशिरा दिलं. भूक वाढली आणि शरीर दिवसाकाठी कमी ऊर्जा जाळू लागलं.

कारण शरीराला दिवस-रात्र कळते. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृताचं, स्वादुपिंडाचं घड्याळ जेवणाकडेही बघतं. सकाळी स्वादुपिंड तरतरीत असतं. रात्री झोप आणणारं मेलाटोनिन चढू लागलं की स्वादुपिंड इन्शुलिन सोडायला हात आखडता घेतं. म्हणून सकाळी नऊला खाल्लेली भाताची वाटी आणि रात्री दहाला खाल्लेली तीच वाटी रक्तातल्या साखरेच्या हिशोबात सारखी नाही.

आता आपली संकष्टी घ्या. दिवसभर कडकडीत, फार तर साबुदाण्याची खिचडी, आणि चंद्रोदय झाला की साडेनऊला उकडीचे मोदक, वर तुपाची धार. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, पण स्वादुपिंडाला विचाराल तर ते संकष्टीचंच नाव घेईल. उलट कोल्हापूर-सांगलीकडच्या कित्येक जैन घरांत जेवणं मावळतीच्या आत उरकतात. कारण अहिंसेचं आहे : अंधारात जीवजंतू दिसत नाहीत. त्यात स्वादुपिंडाचीही सोय झाली, ती योगायोगाने.

[दृश्य : पुणे. मोजपट्टी, कंबर. चेहरा दिसत नाही.]

"मी तर बारीक आहे, मला काय करायचंय?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर पुण्यात आहे.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक : 22.3. बघणाऱ्याला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. दुपटीहून जास्त. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत उभं करत होता.

याज्ञिकांचं पुढचं-मागचं सगळं काम याच कोड्यावर आहे. आपली बाळं जन्मतःच वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी राखून असतात. मोठेपणी ती चरबी हातापायांवर कमी दिसते आणि पोटात, यकृताभोवती साठते. म्हणून भारतीयांसाठी कमरेच्या धोक्याच्या रेषा कडक ठेवल्यात : पुरुष 90 सेंटिमीटर, बाई 80. आणि म्हणूनच देशात आज मधुमेही 10 कोटींच्या वर आहेत, त्यांतले कित्येक बघायला किडकिडीत.

अशा लोकांनी जेवण कमी करावं का? ब्रिटनमध्ये मधुमेहाचे संशोधक रॉय टेलर यांनी नेमकं हेच तपासलं. आधी वजनदार रुग्णांवर : काही महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे कॅलरीचं पेय. वर्षअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, आणि ज्यांचे 15 किलो किंवा जास्त उतरले त्यांच्यात 86 टक्के. दोन वर्षांनी पहिला आकडा 36 वर आला, हेही लपवायचं कारण नाही. नंतर त्यांनी बारीक अंगाचे 20 मधुमेही घेतले. त्यांतल्या 14 जणांचा मधुमेह मागे हटला, वजन साधारण साडेसहा टक्के कमी झाल्यावर. 65 किलोच्या माणसाचे चार किलो. यकृत आणि स्वादुपिंडातून थोडीशी चरबी निघाली तरी यंत्र पुन्हा चालू पडतं.

पण ताट किती कापायचं यालाही तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. चौथा हिस्सा वजन गेलं. नाडी मंदावली, उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, आणि ही पोरं रात्रंदिवस पाककृतींची पुस्तकं वाचत बसली. शरीर तंगीत संसार करायला शिकतं : खर्च कमी, भूक जास्त. अलीकडच्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी, लठ्ठ नसलेल्या लोकांना दोन वर्षं 25 टक्के कमी खायला सांगितलं होतं. जमलं 12 टक्के. पण तेवढ्यानेही रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्शुलिन सगळं सुधारलं. बारा टक्के म्हणजे आमच्या बाबांचा दोन वेळचा चहा-बिस्किट.

आणि एक गोष्ट इथेच, मोठ्याने : ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण गाळायचं नाही. गोळी तिचं काम करणारच, पोटात काही असो-नसो. साखर 50 वर आली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस जिन्यातच बसतो. आमच्या शेजाऱ्यांचं झालंय. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही या फंदात पडू नये.

[दृश्य : पुन्हा तेच स्वयंपाकघर. घड्याळात सात.]

प्रागच्या त्या ओळीनंतर बाबांनी रात्रीचं जेवण सातवर आणलं. सकाळी साडेदहा आणि संध्याकाळी सात. ताट वाढायला आई. दहाला मी येतो, तेव्हा पुन्हा ताट वाढायला आई. दोन्ही ताटांच्या मधे तिने पोळीचा तुकडा चाखलेला असतो, आमटीचं मीठ बघितलेलं असतं. तिच्या दोन जेवणांत किती तासांचं अंतर पडतं, हे आमच्या दोन्ही गटांतल्या कुणीच कधी मोजलं नाही. मीही हे निवेदन लिहायला बसेपर्यंत नाही.

परवा मी विचारलं, "आई, तू सातला बाबांबरोबर का नाही जेवून घेत?"

"तुझी गाडी आधी वेळेवर येऊ दे," ती म्हणाली आणि पातेल्याच्या तळाशी उरलेला भात, टाकायचा कशाला म्हणून, स्वतःच्या ताटात उलटा केला. घड्याळात दहा-चाळीस.

[दृश्य : ओट्यावरचा दिवा बंद होतो.]