समुद्री बर्फ आणि दूरचे वारे

[पडद्यावर: आर्क्टिक महासागराचा नकाशा. सैबेरियापासून ग्रीनलंडकडे सरकणारी रेघ.]

१८८१ साली ‘जनेट’ नावाचं जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचे अवशेष सापडले ते थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नानसेन यांनी त्यावरून ताडलं की तिथला बर्फच वाहत येत असणार. १८९३ मध्ये त्यांनी ‘फ्राम’ हे आपलं जहाज मुद्दाम त्याच बर्फात अडकवून घेतलं. जवळपास तीन वर्षांनी, १८९६ च्या ऑगस्टमध्ये, ते नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांच्या बाजूला मोकळं झालं.

समुद्री बर्फाचा विषय निघाला की आपण आधी तापमान बघतो. ते महत्त्वाचं आहेच. पण हा बर्फ जेमतेम काही मीटर जाडीचा आणि पाण्यावर तरंगणारा. तो कुठे जाईल, किती काळ टिकेल, यात वाऱ्याचा मोठा हात असतो. आणि वाऱ्याची दिशा ठरते हजारो किलोमीटर पसरलेल्या हवेच्या दाबाच्या मांडणीवरून.

आर्क्टिकमध्ये बर्फाला दोन वाटा आहेत. अलास्काच्या उत्तरेला, ब्यूफोर्ट समुद्रातल्या प्रचंड भोवऱ्यात तो वर्षानुवर्षं फिरतो आणि हिवाळ्यागणिक जाड होतो. दुसरी वाट नानसेन यांची: ध्रुवाजवळून ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या सामुद्रधुनीकडे. त्या सामुद्रधुनीचं नावच फ्राम. तिथून अटलांटिककडे गेलेला बर्फ परत येत नाही.

यातली कुठली वाट जोर धरणार, हे बऱ्याच अंशी ‘आर्क्टिक ऑसिलेशन’वर, म्हणजे ध्रुव आणि त्याच्या दक्षिणेकडचे प्रदेश यांच्यातल्या हवेच्या दाबाच्या झोक्यावर अवलंबून. ध्रुवावरचा दाब नेहमीपेक्षा कमी झाला की ते धन अवस्थेत आहे असं म्हणतात. तेव्हा भोवरा ढिला पडतो आणि बाहेरची वाट वाहती होते. १९८९ पासून पुढचे बरेच हिवाळे असेच गेले. जुना, जाड बर्फ फ्राम सामुद्रधुनीतून निघून गेला. मागे उरलेला कोवळा बर्फ वितळवायला उन्हाळ्याला फारसे कष्ट पडले नाहीत.

मग ध्रुवावरचा दाब वाढून ऑसिलेशन ऋण झालं की बर्फ सावरायला हवा. जुना हिशेब तसाच होता. २००९-१० च्या हिवाळ्यात ते कमालीचं ऋण झालं. भोवऱ्याने जुना बर्फ ब्यूफोर्ट आणि चुकची समुद्रांकडे आणून सोडला. पूर्वी असा बर्फ तिथला उन्हाळा काढायचा. २०१० मध्ये त्यातला बराचसा वितळून गेला. या सगळ्या कहाणीत मला हाच प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. वारा ओळखीचाच होता, समुद्र मात्र पहिल्यासारखा राहिला नव्हता. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला: १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींमधला तोवरचा नीचांक.

[पडद्यावर: अंटार्क्टिका. हिवाळ्यात फुगणारं, उन्हाळ्यात आक्रसणारं बर्फाचं कडं.]

दक्षिणेत भूगोलच उलटा. मधे जमीन, भोवती उघडा समुद्र. बर्फाला बाहेरून अडवणारा किनारा नाही, आणि बहुतेक बर्फ दर उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात नव्याने तयार होतो.

इथल्या वाऱ्यांचा एक धागा विषुववृत्तापर्यंत जातो. सर गिल्बर्ट वॉकर भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सूनचं भाकीत कसं करावं हे शोधता शोधता त्यांना पॅसिफिकच्या दोन टोकांमधला दाबाचा झोका सापडला. १९२० च्या दशकात त्यांनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. एल निनो (विषुववृत्तीय पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं) आणि ला निना (ते गार होणं) याच झोक्याशी बांधलेले आहेत. ला निनाच्या काळात अंटार्क्टिकाजवळच्या अमुंडसेन समुद्रावरचं कमी दाबाचं क्षेत्र सहसा आणखी खोल होतं. त्याच्या पूर्वेला, अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे, उत्तरेची ऊबदार हवा येते आणि बर्फ मागे हटतो. पश्चिमेला रॉस समुद्रात खंडावरचा गार वारा उतरतो, तिथे बर्फ पसरतो. एल निनोत चित्र साधारण उलटं. म्हणून अंटार्क्टिकाच्या बर्फाचा एकच एकूण आकडा बघितला, तर अर्धी गोष्ट त्यातच झाकली जाते.

याशिवाय खंडाभोवती घोंघावणारे पश्चिमी वारे आहेत. ते जोरात असले की बर्फ उत्तरेकडे पसरतो. सप्टेंबर २०१४ मध्ये तो २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. २०१६ च्या अखेरीस, मोठ्या एल निनोपाठोपाठ हे वारे मंदावले आणि बर्फ झपाट्याने घटला.

वारे पुन्हा बदलले, तरी बर्फ पूर्वीसारखा सावरला नाही. २०२३ च्या हिवाळ्यात त्याचा सर्वोच्च विस्तार १.७ कोटी चौरस किलोमीटरपर्यंतही पोहोचला नाही. आधीच्या सर्वांत कमी हिवाळ्यापेक्षाही तो सुमारे १० लाखांनी कमी. एवढी तूट एकट्या वाऱ्याच्या माथी मारणं अवघड आहे. त्यामुळे संशोधकांची नजर आता पृष्ठभागाखाली १०० ते २०० मीटरवर साठलेल्या उष्णतेकडे वळली आहे. उपग्रहांना ती दिसत नाही. ती मोजतात बुडी मारून वर येणारी ‘आर्गो’ यंत्रं. वर बर्फ असेल तर ती हिवाळ्यातल्या नोंदी साठवून ठेवतात आणि पाणी मोकळं झाल्यावर पाठवतात.