लाकडाला फुटलेले कान

नमस्कार श्रोतेहो.

आंबोलीच्या रानात, आडव्या पडलेल्या एका ओंडक्यावर मला पहिल्यांदा कान दिसले. तपकिरी, ओलसर, एकाला एक लागून फुटलेले, अगदी पाळीसकट. एक चिमटीत धरला. गार, लिबलिबीत, पण तुटेना. रबरासारखा ताणला जाई. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला बारीक लव. तो मी घरी आणला. चार दिवसांत वाळून आमसुलासारखा काळा झाला, कडकही. काडेपेटीत ठेवला आणि विसरून गेले. दिवाळीच्या आवराआवरीत सापडला, तेव्हा वाटीभर पाण्यात टाकून पाहिला. स्वयंपाक उरकेपर्यंत वाटीत पुन्हा कान तयार!

ही एक बुरशी, शास्त्रीय नाव ऑरिक्युलेरिया. ऊन पडलं की आक्रसून गप्प बसायचं, सर आली की फुगून पुन्हा बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, सोडायला लागायचं, ही तिची रीत. चिनी सूपमध्ये काळे, कुरकुरीत तुकडे लागतात ना, ते हिच्याच जातभाईंचे.

अशा थलथलीत बुरश्यांना जेली फंगस म्हणतात. आपण मात्र पावसाळ्यात लाकडावर काहीही उगवलं की ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे होतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण लाकडावर छत्री नसलेल्यांचीच वस्ती मोठी असते.

दुसरी जेली बुरशी तर शहरातही भेटते. बागेतला जुना बाक, कुंपणाचा खांब बघा. लाकडाच्या भेगेतून नारिंगी-पिवळी, जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उंचीची, टोकाला उलथन्यासारखी चपटी अशी रांगच्या रांग उभी असते. ही डॅक्रिओपिनॅक्स. हिच्या बीजाणू धरणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शाळेतल्या नादकाट्यासारख्या, दोन फाट्यांच्या दिसतात. आणि पांढरी, अर्धपारदर्शक, झालरीच्या फुलासारखी दिसली तर ती ट्रेमेला. गंमत म्हणजे ती लाकडावर पोसलेली नसतेच. लाकडात आधीच शिरलेल्या दुसऱ्या बुरशीवर ती जगते.

बाकीच्या लाकडावरच्या बुरश्या ओळखताना माझा एकच आग्रह असतो: खालची बाजू बघा. वरचा रंग पावसानं, वयानं बदलतो. खालची ठेवण सहसा दगा देत नाही. नखाएवढा, पांढुरका, केसाळ पंखा दिसला तर तो हळूच उचलून बघा. खाली पट्ट्या असतील आणि प्रत्येक पट्टी लांबीत चिरलेली असेल, तर ती स्किझोफायलम. हवा कोरडी झाली की त्या चिरलेल्या कडा आत वळतात आणि बीजाणूंची बाजू झाकून घेतात. शेंदरी रंगाची पातळ थाळी असेल आणि खाली टाचणीनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतील, तर पिक्नोपोरस. कोळशासारखा काळा गोळा मात्र उलटून उपयोग नाही, तो कापावा लागतो. आत एकात एक वर्तुळं दिसली की डाल्डिनिया.

म्हणून फोटो एक काढू नका. वरून काढा, खालून काढा आणि लाकडाचाही काढा. झाड कोणतं, जिवंत की वाळलेलं, हे लिहून ठेवा. कोकणात फणसाच्या खोडावर येणाऱ्या कठीण बुरशीला ‘फणसांबा’ हे नावच झाडावरून पडलं. ती उगाळून हिरड्यांना लावायची जुनी रीत आहे. फोटोवरून ओळख पटवून कुठलीही बुरशी खाऊ मात्र नका.

शेवटची ओळख रस्त्यावरची. जिवंत झाडाच्या बुंध्याशी तांबूस, लाखेनं रंगवल्यासारखी तुकतुकीत थाळी दिसेल, कडेला फिकट किनार, आणि थाळीखालच्या पानांवर कोकोची पूड सांडल्यासारखे तपकिरी बीजाणू. ही गॅनोडर्मा. वर पालवी हिरवीगार असली, तरी बुंधा आणि मुळं आतून कुजत असण्याची ही खूण आहे. रस्त्याकडेच्या गुलमोहरांखाली आवर्जून बघा. थाळी तोडून काही होत नाही, बुरशीचं जाळं आत शाबूत राहतं. फोटो काढून पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. झाडाची तपासणी होईपर्यंत त्याच्याखाली गाडी लावू नका, मुलांना तिथे खेळू देऊ नका.

नमस्कार.